मरियामाता आणि बाळ येशू: सोन्याचा वर्ख आणि बलकाच्या रंगांत फळीवरचे भक्तिचित्र कसे करावे

तेराव्या-चौदाव्या शतकात सिएना आणि फ्लॉरेन्सच्या चित्रशाळांमध्ये मरिया आणि बाळ येशूची जी चित्रे तयार झाली, ती कापडावरची तैलचित्रे नव्हेत. खाली लाकडी फळी, तिच्यावर सरस आणि पांढऱ्या भुकटीचा लेप, लेपावर सोन्याचा वर्ख आणि सगळ्यात शेवटी अंड्याच्या बलकात कालवलेले रंग, अशी त्यांची बांधणी असते. चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने १४००च्या सुमारास ही पद्धत अंड्या-सरसाच्या तपशिलांसह लिहून ठेवली. काही विषारी रंग बदलले, तर आजही ती जवळजवळ तशीच वापरता येते.

पुढची कृती २४ × १८ सेंटिमीटरच्या चित्राची आहे. माप मुद्दाम लहान घेतले आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले, सिएनाचा चित्रकार दुच्चो याचे मरिया-येशूचे चित्र (साधारण १२९० ते १३००) चौकटीसकट जेमतेम २८ × २१ सेंटिमीटर भरते. खासगी प्रार्थनेसाठी, जवळून पाहायचे चित्र एवढेच असे. शिकणाऱ्याला दुसरा फायदा म्हणजे लहान फळी कमी वाकते आणि वर्खही कमी लागतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अशी चित्रे रंगवताना फारशी बिघडत नाहीत, ती सरसात आणि लेपात बिघडतात. दोष मात्र महिन्याभराने, चेहरा पूर्ण झाल्यावर दिसतो. म्हणून या लेखात रंगांइतकीच जागा खालच्या थरांना दिली आहे.

आधी रूप ठरवा

लाकडाला हात लावण्यापूर्वी मरिया आणि येशू यांचे नाते कोणत्या प्रकारे दाखवायचे ते ठरवा. बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक ख्रिस्ती परंपरेतून आलेले दोन नमुने सर्वांत उपयोगी आहेत. पहिला होदिगित्रिया: मरिया एका हातावर बाळाला घेते आणि दुसऱ्या हाताने त्याच्याकडे निर्देश करते, बाळ ताठ बसलेले, एक हात आशीर्वादाचा. दुसरा एलेऊसा: बाळाचा गाल आईच्या गालाला टेकलेला. पहिल्या चित्राकरता दुसरा नमुना मोहात पाडतो, पण तो अवघड आहे. दोन चेहरे एकमेकांना भिडले की त्यांच्यामधल्या सावलीची कड सांभाळणे नवख्या हाताला जमत नाही. पहिला नमुना घ्या. दुच्चोच्या चित्रात बाळ आईचा पदर हाताने बाजूला सारते. एवढी एक हालचाल घातली तरी ताठरपणा जातो.

काही गोष्टींत मात्र सूट नाही. क्रूस असलेले तेजोवलय फक्त येशूला. मरियेचे वलय साधे किंवा नक्षीचे असते. क्रूसाच्या तीनच भुजा दिसतात, चौथी डोक्यामागे जाते. मरियेचा झगा तांबडा, वरचे आवरण निळे, केसांवर पांढरा पदर. तिच्या खांद्यावरचा तारा तिच्या कौमार्याची खूण. बाळाच्या हातात किंवा गळ्यात काय द्यायचे ते विचारपूर्वक निवडा: गोल्डफिंच नावाचा छोटा पक्षी किंवा गळ्यातले पोवळे पुढच्या दुःखसहनाकडे बोट दाखवते, डाळिंब पुनरुत्थानाकडे, लेखाची गुंडाळी देवाच्या वचनाकडे. एका चित्रात एकच खूण पुरे. पक्षी, डाळिंब, पोवळे आणि गुलाब एकत्र आले की भक्तिचित्राचे कोडे होते.

चित्र चर्चमध्ये लागणार असेल, तर रेखाटनाच्या टप्प्यावरच धर्मगुरूंना दाखवा. कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या परिषदेने १५६३ मध्ये ठरवले की अनोखी, रूढीबाहेरची प्रतिमा बिशपांच्या संमतीशिवाय चर्चमध्ये लावू नये. चर्चच्या आजच्या कायद्याचे, म्हणजे कॅनन कायद्याचे ११८८वे कलमही प्रतिमांची संख्या माफक आणि मांडणी यथायोग्य असावी असे सांगते. घरातल्या चित्राला ही अडचण नाही.

फळी

इटालियन चित्रकार पॉप्लर वापरत. उत्तरेकडे ओक आणि लिंडेन चालत. आज चांगल्या प्रतीचे, पोकळी नसलेले, १८ मिलिमीटर जाडीचे बर्च प्लायवूड सर्वांत सुरक्षित. अखंड लाकूड घ्यायचे असेल तर पूर्ण सुकलेले, गाठ नसलेले आणि खोडाच्या गाभ्याकडून बाहेर अशा दिशेने कापलेले घ्या, म्हणजे फळीच्या टोकाकडून पाहिल्यास वर्षवलये पृष्ठभागाला काटकोनात दिसतील. अशी फळी कमीत कमी वाकते. उभ्या चित्रात लाकडाच्या रेषा उभ्याच ठेवा. राळ झिरपणारे पाइन टाळा. राळ लेपातून वर येते.

चारही कडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने किंचित गोल करा. धारदार कडेवर लेप टिकत नाही, तिथूनच टवके उडायला लागतात. गुळगुळीत पृष्ठभागावर तारेच्या ब्रशने किंवा करवतीच्या दात्यांनी तिरपे ओरखडे पाडा, लेपाला धरायला जागा मिळते.

सरस

सशाच्या कातड्याचा सरस घ्या. न मिळाल्यास साधे, स्वादहीन जिलेटिन चालते. या मापाच्या फळीला ३० ग्रॅम सरस आणि ४०० मिलिलिटर पाणी पुरते. सरस थंड पाण्यात रात्रभर फुगू द्या. सकाळी भांडे दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवा. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देऊ नका. उकळी आली की सरसातल्या प्रथिनांच्या लांब साखळ्या तुटतात, चिकटपणा जातो, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. उकळलेला सरस फेकून द्या, त्यावर पुढचे काम उभारू नका.

ताकद तपासायची सोपी रीत: थोडा सरस बशीत थंड करून गोठवा. बोटांनी दाबल्यावर थलथलीत जेली फाटावी, पण फाटलेली कड खडबडीत दिसावी. घट्ट रबरासारखी तुकडा पडणारी जेली म्हणजे सरस जास्त, त्यात पाणी घाला. न गोठणारा द्रव म्हणजे सरस कमी.

पहिला हात पातळ द्या: ६० मिलिलिटर सरसात ४० मिलिलिटर पाणी. पुढची, मागची आणि चारही कडांची बाजू भिजवा आणि पूर्ण सुकू द्या. दुसरा हात मूळ ताकदीचा. तो ओला असतानाच धुऊन खळ काढलेले जुने लिननचे कापड सरसात बुडवून पुढच्या बाजूला पसरवा आणि मधून कडेकडे बोटांनी हवा काढत चिकटवा. लाकूड फुगले-आकसले तरी तो ताण कापड सोसते, लेपापर्यंत पोचू देत नाही. प्लायवूडवर कापड नसले तरी चालते. अखंड लाकडावर ते वगळू नका. एक दिवस सुकू द्या.

पांढरा लेप

इटलीत जिप्सम वापरत. चेन्निनी सांगतो त्याप्रमाणे भाजलेले जिप्सम भरपूर पाण्यात महिनाभर रोज ढवळत ठेवायचे, म्हणजे त्याचा घट्ट होण्याचा गुण मरतो आणि ते रेशमासारखे मऊ होते. उत्तरेकडे नैसर्गिक खडू वापरत. आपण बारीक खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घेऊ. निकाल तेवढाच चांगला येतो. शाळेत फळ्यावर लिहायचे खडू कुटून घालू नका, ते बहुधा जिप्समचे आणि इतर मिश्रणाचे असतात.

इथे एक इशारा. बाजारात गेसो या नावाने मिळणारा ॲक्रिलिकचा तयार लेप या कामाला उपयोगी नाही. तो पुरेसा शोषक नसतो, बलकाचा रंग त्याच्यात रुतत नाही आणि पुढे सोलून निघतो. शिवाय त्यावर वर्ख घोटता येत नाही. पांढऱ्या फेविकॉलसारख्या गोंदाचेही तेच.

२०० मिलिलिटर कोमट सरसावर ३०० ग्रॅम खडूची भुकटी चाळणीतून हलकेच पसरत जा. ढवळू नका. भुकटी आपोआप पाणी पिऊन बुडते; ढवळले की हवेचे बुडबुडे शिरतात आणि तेच सुकल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोके होतात. दहा मिनिटांनी सावकाश एकजीव करून मलमलीतून गाळा. पातळ साईइतके दाट मिश्रण हवे.

पहिला थर बोटांनी किंवा तळहाताने चोळून लावा, म्हणजे कापडाच्या विणीतली हवा निघते. पुढचे थर रुंद मऊ कुंचल्याने, एक उभा तर पुढचा आडवा. चेन्निनी निदान आठ थर सांगतो आणि तो आकडा योग्य आहे. आधीच्या थराची ओली चमक गेली पण हात लावल्यास तो गारच लागतो, त्या क्षणी पुढचा थर द्या. सगळे थर एकाच दिवसात संपवा. रात्रीच्या विसाव्यानंतर दिलेला थर खालच्याशी नीट जुळत नाही आणि वर्ख घोटताना पापुद्र्याने सुटतो. मागच्या बाजूलाही चारेक थर द्या. पुढची बाजू बंद आणि मागची उघडी राहिली तर मागून ओलावा आत-बाहेर करतो आणि फळी पुढे फुगीर होते. संग्रहालयांतल्या कित्येक जुन्या फळ्या नेमक्या तशाच वाकलेल्या आहेत.

या टप्प्यावर तीन दोष येतात.

लेपाला जाळीसारखे तडे गेले तर सरस जास्त होता किंवा लेप उन्हात, पंख्याखाली सुकवला. वरच्या थरातला सरस खालच्यापेक्षा कधीही जास्त ताकदीचा असू नये. भांडे तापत राहिल्याने पाणी उडते आणि शेवटचे थर नकळत कडक होतात, म्हणून दर दोन थरांनंतर चमचाभर कोमट पाणी घाला. भोके पडली असतील तर लेप फार गरम लावला गेला. त्यावर नवे थर चढवून भोके बुजत नाहीत, ओले बोट गोल फिरवून ती जागच्या जागी घासून बुजवावी लागतात. आणि सुकलेला लेप बोटाला पिठासारखा लागत असेल तर सरस कमी पडला. त्याला उपाय नाही, लेप ओला करून खरवडून काढा.

दोन-तीन दिवस सुकल्यावर कोळशाची पूड कापडाने पृष्ठभागावर हलकी फिरवा. मग धारदार सपाट पात्याने खरवडा. उंचवट्यांवरचा काळा रंग निघतो, खळग्यांतला राहतो. काळे संपले की पृष्ठभाग सपाट झाला. शेवटी ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर. वर्ख येणार त्या भागात तर ओरखड्याची छायाही नको, सोने खालचा प्रत्येक दोष मोठा करून दाखवते.

रेखाटन

विलोच्या कोळशाने हलके रेखाटा, चुकल्यास पिसाने झटका. नक्की झाल्यावर पातळ काळ्या शाईने बारीक कुंचल्याने ओढा.

चेहऱ्याचे जुने माप सोपे आहे: कपाळ, नाक, आणि नाकाखालपासून हनुवटीपर्यंत असे तीन समान भाग. आपल्या चित्रात मरियेचा चेहरा ४.५ सेंटिमीटर घ्या, म्हणजे प्रत्येक भाग दीड सेंटिमीटर. बाळाचा चेहरा सुमारे ३ सेंटिमीटर. खऱ्या तान्ह्या मुलाचे कपाळ मोठे आणि डोळे खाली असतात. जुन्या चित्रांत मुद्दाम छोट्या प्रौढासारखा चेहरा येतो, कारण तिथे ज्ञानी देवपुत्र दाखवायचा असतो. दोन्हींच्या मधला मार्ग बरा: शरीर बाळाचे, नजर जाणत्याची.

वलयासाठी कंपासाचे टोक डोक्याच्या मध्यावर ठेवा, चेहऱ्याच्या मध्यावर नाही. मान कलती असेल तर या दोन जागा वेगळ्या असतात आणि चुकल्यास वलय टोपीसारखे पुढे सरकते. मरियेला ४.५ आणि बाळाला ३ सेंटिमीटर त्रिज्या योग्य बसते. टोकाचे भोक नंतर रंगाखाली झाकले जाते. सोने आणि आकृती जिथे भेटतात ती सगळी कड सुईने अगदी उथळ कोरा. वर्ख चढवल्यावर शाईची रेषा दिसत नाही, कोरलेली दिसते.

सोने

सोने रंगांच्या आधी येते. उलट केले तर वर्खाचे कण रंगांना चिकटतात आणि घोटताना अगेट (वर्ख घासून चमकवायचा गुळगुळीत दगड) रंगांवर घसरतो.

सोन्याखाली तांबडी माती लागते, तिला बोल म्हणतात. ही फार बारीक, तेलकट स्पर्शाची चिकणमाती आहे. साधा गेरू तिच्या जागी चालत नाही, कारण त्याचे कण घोटल्यावर दबत नाहीत. चेन्निनी ती फेटून रात्रभर ठेवलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कालवतो. आज सरसात कालवणे जास्त प्रचलित आहे, पण सरस लेपातल्यापेक्षा अर्ध्या ताकदीचा हवा. दुधाइतका पातळ बोल मऊ कुंचल्याने चार ते सहा वेळा लावा. सुकल्यावर ६००-८०० नंबरच्या कागदाने हलके, मग खरखरीत कापडाने चोळून चमक आणा. बोलावरच चमक दिसली नाही तर सोन्यावर येणार नाही.

वर्खाचा हिशेब असा. चित्राचे क्षेत्र ४३२ चौरस सेंटिमीटर. पार्श्वभूमी आणि वलये मिळून साधारण निम्मे, म्हणजे २१६. एक पान ८ × ८ सेंटिमीटर, म्हणजे ६४ चौरस सेंटिमीटर. एका थराला चार पानेही पुरावीत, पण कडा एकमेकांवर येतात, काही फाटतात, सहा धरा. दुसरा थर द्यायचाच असतो, म्हणून बारा. पंचवीस पानांची एक वही आरामात पुरते. बावीस ते चोवीस कॅरटचा सुटा वर्ख घ्या. पितळी वर्ख काळा पडतो, त्यावर वेळ घालवू नका.

खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद. वर्ख चामड्याच्या गादीवर सोडा, मधोमध हलकी फुंकर मारली की तो सपाट पसरतो. बोथट पण गुळगुळीत पात्याने कापा. धार फार असेल तर गादी चिरते. खारीच्या केसांचा सपाट कुंचला गालावरून फिरवला की त्याला त्वचेचा पुसटसा तेलकटपणा लागतो आणि वर्ख उचलता येतो. बोलावर तीन भाग पाणी आणि एक भाग अल्कोहोलचे मिश्रण, थेंबभर सरस घालून, भरपूर लावा. डबके दिसेल इतके ओले हवे. वर्ख जवळ नेताच पाणी त्याला ओढून घेते. पानाच्या वर पाणी आले तर तिथे डाग राहतो. म्हणून आधी लावलेल्या पानावर ओला कुंचला नेऊ नका.

घोटण्याची वेळ हे या कामातले खरे कौशल्य. साधारण दोन ते चार तासांत ती येते, दमट हवेत उशिरा, कोरड्यात लवकर. अगेटने कोपऱ्यात हलके टकटक करा: मऊ, दबका आवाज आला तर थांबा, काचेवर टिचकी मारल्यासारखा टणक आला तर सुरू करा. ओल्यावर घोटले तर सोने फाटून तांबडा बोल दिसतो. फार कोरड्यावर घोटले तर चमक येत नाही, अशा वेळी दुसरा थर लावून नव्याने ओल आणता येते. आधी अगेटच्या स्वतःच्या वजनाने एका दिशेने, मग हळूहळू दाब वाढवत दुसऱ्या दिशेने.

वलयांची नक्षी त्याच दिवशी ठोका, लेपात थोडी ओल असते तोवर. कंपासाने समकेंद्री वर्तुळे दाबा, मग गुळगुळीत टोकाच्या छोट्या ठशांनी ठिपके आणि फुले. हातोडीचा घाव सोने आत दबेल इतकाच. आवाज फुटका आला तर लेप तडकतोय. बाळाच्या वलयातल्या क्रूसाच्या भुजा दाट ठिपक्यांनी भरल्या की त्या उजळ उठून दिसतात. जुन्या कार्यशाळांचे ठसे इतके वैशिष्ट्यपूर्ण होते की अभ्यासक त्यांच्या खुणा जुळवून कोणते चित्र कोणत्या कार्यशाळेतले ते ओळखतात. आकृतीच्या जागेवर सांडलेले सोने पात्याने खरवडून टाका, घोटलेल्या सोन्यावर बलकाचा रंग नीट धरत नाही.

बलक आणि रंग

ताज्या अंड्याचा बलक पांढऱ्यापासून वेगळा करा, एका तळहातावरून दुसऱ्यावर घेत कोरडा करा. मग पातळ पडदा चिमटीत धरून खाली टोचा. बलक वाटीत, पडदा हातात. तेवढेच पाणी घालून ढवळा. रंगाची भुकटी वेगळी, पाण्यात घोटून लगद्यासारखी करून बरण्यांत ठेवा, कारण ती टिकते; बलक रोज नवा लागतो. काही जण टिकावे म्हणून बलकात व्हिनेगर घालतात. इथे घालू नका, आम्लाने अल्ट्रामरीन निळा फिका पडतो.

लगदा आणि बलकाचे पाणी सुरुवातीला समान घ्या, पण प्रत्येक रंगाची भूक वेगळी. काचेवर एक पट्टा ओढा, सुकू द्या, पात्याने खरवडा. सलग, लवचीक साल निघाली तर प्रमाण बरोबर. भुकटी उडाली तर बलक कमी. पट्टा तेलकट चकाकत असेल तर बलक जास्त; असा रंग पुढे तडकतो.

चेन्निनीची एक सूचना गमतीची पण विचार करून दिलेली आहे: तरुण, गोऱ्या चेहऱ्यांना शहरातल्या कोंबडीचा फिकट बलक, वृद्ध आणि सावळ्या चेहऱ्यांना खेड्यातल्या कोंबडीचा तांबूस. प्रत्यक्षात बलकाचा पिवळेपणा काही आठवड्यांत विटतो.

जुन्या रंगांपैकी सफेता शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ आर्सेनिकचा. त्यांची कोरडी भुकटी घरात हाताळू नका. सफेत्याऐवजी टायटॅनियम पांढरा आणि झिंक पांढरा समभाग, हिंगुळाऐवजी पायरोल रेड, लाखेच्या तांबड्याऐवजी क्विनाक्रिडोन. बाकी पिवळी माती, गेरू, हिरवी माती, अंबर (गडद तपकिरी माती) आणि काळा. निरुपद्रवी रंगांची भुकटी मळतानाही मास्क लावा.

बलकाचा रंग काही सेकंदांत सुकतो, ओल्यात ओला मिसळता येत नाही. छटा जोडायच्या त्या बारीक समांतर रेघांनी, आकाराच्या वळणाप्रमाणे. एक-दोन नंबरचा कोलिन्स्की (मऊ, टोकदार केसांचा) कुंचला रंगात बुडवा, मग कापडावर टेकून जवळजवळ कोरडा करा. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे ओला कुंचला: खालचा रंग उचलला जातो आणि पांढरा डाग पडतो. तो लगेच दुरुस्त करायला गेलात की भोक मोठे होते. तिथून हात काढा, अर्ध्या तासाने या.

वस्त्रे

चेहऱ्यांच्या आधी वस्त्रे. तांबड्या झग्याच्या तीन छटा बशांमध्ये आधीच कालवा: शुद्ध, मध्यम, उजळ. घड्यांच्या खोल जागी शुद्ध रंग, उंचवट्यावर पांढरा मिसळलेला. शेवटी क्विनाक्रिडोनचा पातळ हात सगळ्यावरून दिला की घड्या एकत्र बांधल्या जातात.

निळ्या आवरणाला जास्त काळजी लागते. खरा अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या राजावर्त दगडातून येई आणि करारात त्याचा भाव लिहिला जाई. फ्लॉरेन्सचा चित्रकार गिर्लांदायो याच्या १४८५च्या करारात औंसाला सुमारे चार फ्लोरिन (तिथले सोन्याचे नाणे) किमतीचा निळा वापरण्याची अट आहे. खर्च वाचवायला खाली अझुराइट हा स्वस्त निळा खनिज रंग, वर पातळ अल्ट्रामरीन अशी युक्ती करत. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झाला आणि आपल्याला तोच पुरतो. अडचण अशी की बलक निळ्याला हिरवट आणि गडद करतो. म्हणून बलक कमीत कमी ठेवा किंवा या एका रंगाला पातळ सरस वापरा. जुन्या चित्रकारांनीही निळ्यासाठी सरस वापरल्याची उदाहरणे आहेत. सावली काळ्याने गडद करू नका, आवरणाचा काळा ठोकळा होतो. शुद्ध निळा हीच सर्वांत गडद छटा, उजेड पांढऱ्याने.

चेहरे आणि हात

सगळ्या त्वचेच्या जागी हिरवी माती आणि थोडा पांढरा, असे दोन सपाट हात द्या. हिरवा आणि तांबूस एकमेकांना मारून जिवंत करडी सावली देतात, म्हणून हा हिरवा. त्यावर पिवळी माती, काळा आणि चिमूटभर गेरू यांच्या मिश्रणाने डोळे, नाकाची बाजू, हनुवटीखालचा भाग रेघांनी उभा करा. मग पायरोल रेड आणि पांढऱ्याने ओठ आणि गाल, थोडे जास्तच तांबडे. पुढे ते झाकले जातात.

आता त्वचेच्या तीन छटा, पांढरा, पिवळी माती आणि तांबडा यांच्या. सर्वांत गडद छटा हिरव्या सावलीच्या काठापर्यंत, मधली आत, उजळ कपाळ, नाकाचा कणा आणि गालाच्या उंचवट्यावर. प्रत्येक छटा तीन-चार वेळा पातळ रेघांनी फिरवा. सावलीत हिरवा उघडा ठेवा. शिशाचा सफेता थोडा पारदर्शक असे, टायटॅनियम तसा नाही. दाट लावला तर हिरवा पूर्ण बुजतो आणि चेहरा खडूचा दिसतो. पाणी जास्त, रंग कमी. सिएनाच्या कित्येक जुन्या चित्रांत मरिया हिरवट दिसते ती मूळ कल्पना नव्हे. वरचे तांबूस थर शतकानुशतकांच्या घासण्याने झिजले किंवा तांबडे विटले, आणि खालचा हिरवा वर आला.

डोळे सर्वांत शेवटी. पांढरा कधीही शुद्ध नको, करडा मिसळा. शुद्ध पांढऱ्याचा एक ठिपका बाहुलीच्या कडेला पुरतो. मरियेची नजर बाळाकडे की पाहणाऱ्याकडे, हे इथे ठरवायचे नसते, ते रेखाटनात ठरलेले असते. पापणीची जाडी थोडी बदलली तरी भाव बदलतो. वरची पापणी गडद अंबरने, खालची अर्ध्या ताकदीने. चेहऱ्याभोवती काळी बाह्यरेषा काढू नका, अंबर आणि गेरू पुरेत.

सोन्याची किनार आणि तारा

आवरणाची सोनेरी किनार आणि तारा रंगांवर येतात, म्हणून पाण्याची पद्धत चालत नाही. चेन्निनी लसणाच्या रसाचा चिकटा सांगतो आणि तो उत्तम चालतो: गाळलेल्या रसात किंचित बोल मिसळा, बारीक रेघ ओढा, पूर्ण सुकू द्या, तोंडाने उबदार श्वास टाका आणि लगेच वर्ख दाबा. मऊ कुंचल्याने झटकले की रेघेपुरतेच सोने राहते. आसपासचा रंग ताजा असेल तर त्यालाही वर्ख चिकटतो, म्हणून आधी आठवडाभर थांबा आणि चित्रावर टाल्कची पुरचुंडी हलकी फिरवून झटका.

वॉर्निश, आशीर्वाद, जतन

बलकाचा रंग हाताला लगेच सुका लागतो, पण आतून घट्ट व्हायला निदान सहा महिने लागतात. चेन्निनी वर्षभर थांबायला सांगतो. तोवर नखाचा ओरखडाही उमटतो. वॉर्निश लावलेच पाहिजे असे नाही. लावल्यास रंग खोल होतात पण मंद, दुधट प्रकाश जातो. चेहऱ्यांसाठी न लावणेच चांगले वाटते. घोटलेल्या सोन्यावर तर कधीच नको, ते पितळी दिसते.

धर्मगुरूंकडून आशीर्वाद घ्यायचा असेल तेव्हा चित्र कापडात गुंडाळून नेऊ नका, धाग्यांची घासण वलयाच्या नक्षीला लागते. पृष्ठभागाला न टेकणाऱ्या उथळ पेटीत न्या. पवित्र पाणी मागच्या बाजूला शिंपडायला सांगा. बलक आणि घोटलेले सोने, दोघांनाही पाण्याचे थेंब डाग देतात.

आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के, थेट ऊन नाही, बाहेरची ओल येणाऱ्या भिंतीवर नाही. टांगताना मागे दोन बोटे मोकळी हवा ठेवा. मेणबत्ती समोर ठेवताना निदान हातभर दूर ठेवा: दुच्चोच्या त्या चित्राच्या चौकटीची खालची कड मेणबत्त्यांनी जळालेली आजही दिसते. धूळ खारीच्या केसांच्या कोरड्या कुंचल्याने झटका. ओले फडके, बटाट्याची किंवा कांद्याची फोड, तेल, यांतले काहीही लावू नका. कुठे रंगाचा पापुद्रा उठलेला दिसला तर चित्र आडवे ठेवा, त्याला हात लावू नका आणि चित्रसंवर्धकाला दाखवा. पापुद्र्याखाली बाजारी गोंद गेला की तो नंतर काढता येत नाही.